जुलैचं वाचन : यंदा चारच

सुरंगी
३ ऑगस्ट, रात्री ९:४०

दर महिन्याच्या सुरुवातीला मागच्या महिन्याच्या वाचनाचा हिशेब इथे मांडायचा, ही माझी जुनी खोड. काजूच्या कारखान्यात हिशेब लिहायचं काम करते, त्यामुळे असेल. आकडा एरवी आठ-दहाच्या घरात असतो, आणि त्या आकड्याचा मला जरा माज होता हे आज कबूल करते. जुलैत फक्त चार झाल्या. त्यातल्या तीन तर आधी वाचलेल्या. तरी धागा काढतेय, कारण त्या तीन मी खरंच वाचल्या होत्या की नुसती पानं उलटली होती, असा प्रश्न पडलाय.

नवीन मंडळींसाठी आधी आमच्या भिशीबद्दल. वेंगुर्ल्यात आम्ही पाच जण पुस्तकांची भिशी चालवतो. महिन्याला दोनशे रुपये प्रत्येकी, म्हणजे हजार जमतात. चिठ्ठी ज्याच्या नावाची निघेल त्याने त्या हजारांची पुस्तकं घ्यायची आणि त्या महिन्याची कादंबरीही त्यानेच ठरवायची. पुस्तकं त्याची, पण आधी पाचही घरं फिरून आल्यावरच त्याच्या कपाटात. शेवटच्या रविवारी काकींच्या पडवीत जमायचं, घावणे खायचे, भांडायचं. काकी चौऱ्याहत्तर वर्षांच्या, तीस वर्षं खाणावळ चालवली. मास्तर निवृत्त. भाऊ तांडेल, स्वतःची बोट आहे. चौथा एक पोरगा, पुण्यातल्या कंपनीचं काम इथे घरी बसून करतो आणि नेट गेलं की सगळ्या वाडीला कळेल एवढ्या आवाजात करवादतो. पाचवी मी.

जूनच्या अखेरीस काकींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. दिवसातून चार वेळा थेंब, डोक्यावरून पाणी नाही, चुलीच्या धुराजवळ जायचं नाही, डोळ्याला ताण नाही. चष्म्याचा नवा नंबर महिना-सव्वा महिन्यानंतर. आणि नेमकी जुलैची चिठ्ठी काकींची. "मगे मी महिनोभर काय करू? वाश्यांकडे बघान बसू?" असं त्या म्हणाल्या आणि माझ्या तोंडून निघून गेलं, मी वाचून दाखवते.

बोलून बसले. कारखाना सुटला की साडेसहाला काकींची पडवी, आठपर्यंत. दुसऱ्या दिवसापासून भाऊ येऊ लागले. जून-जुलै मासेमारी बंद, बोट वर ओढून शाकारलेली, माणूस मोकळा. कोपऱ्यात बसून जाळी तुणत ऐकायचे. मग मास्तर. मग पोरगाही, कारण संध्याकाळी लाईट गेली की त्याचं कामही जायचं. लाईट गेल्यावर भाऊंची बोटीवरची बॅटरी माझ्या खांद्याशी टांगायचे आणि वाचन पुढे चालू. त्या बॅटरीवर येणारे पावसाळी किडे या महिन्यात मी बरेच गिळले आहेत.

मोठ्याने वाचायला एका पानाला अडीच मिनिटं लागतात. दीड तासात पस्तीस पानं म्हणजे डोक्यावरून पाणी. एकटी वाचताना तेवढी पानं मी अर्ध्या तासात उडवते. वर्णन आलं की नजर तिरकी खाली उतरते, संवाद आला की थांबते. मोठ्याने वाचताना ती सोय नाही. गाळता येत नाही. पाऊस पडतोय हे चार ओळी लिहिलं असेल तर चारही ओळी पडतात.

काकींनी पहिली मागितली श्री. ना. पेंडशांची 'रथचक्र'. १९६२ ची, हिला साहित्य अकादमी मिळालं. मी दोनदा वाचलेली, इथे कधीतरी 'अप्रतिम' वगैरे लिहिलंही होतं. एकत्र कुटुंबात राबराब राबणारी बाई, नवरा घर सोडून गेलेला, मुलांनी शिकावं म्हणून ती त्या घरातून बाहेर पडते. एवढं मला आठवत होतं.

चौथ्या संध्याकाळी काकींनी विचारलं, "तिचा नाव काय गो?"

म्हटलं, येईल पुढे. मागची पानं चाळली. नव्हतं. मास्तर हळूच म्हणाले, "नाही येणार. 'ती'च आहे शेवटपर्यंत."

दोनदा वाचून माझ्या हे लक्षात आलं नव्हतं! 'ती' म्हणजे ती, कळतंय ना कोण ते, म्हणून पुढे पळालेली मी. काकींनी मात्र तिथेच थांबवलं. "इतक्या पानांत बायलेक एक नाव देवक गावला नाय?" मास्तर समजावू लागले, की लेखकाने मुद्दाम केलंय, अशा कितीतरी बायका होत्या वगैरे. काकींनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "माका खाणावळीत तीस वर्षां सगळी काकीच म्हणीत. एकान नाव इचारूक नाय."

भाऊंचं जाळं थांबलं. मी पुस्तकात बघत बसले, कारण आमच्या भिशीच्या वहीत दर महिन्याला मीच लिहिते : मास्तर २००, भाऊ २००, काकी २००. मास्तरांचं आणि भाऊंचं नाव कंसात आहे. काकींचं नाही. त्या रात्री निघताना विचारलं आणि वहीत घातलं. इथे लिहीत नाही, त्यांना चालायचं नाही.

'रथचक्र'ला नऊ संध्याकाळी लागल्या. भाषेवरून काकींची कुरकुर चालू होती, "ही खंयची बोली?" पेंडसे मूळचे दापोलीकडच्या मुर्डीचे, त्यांचं कोकण तिकडचं. घाटावरच्या माणसाला आपण सगळे एकच वाटतो, पण दापोलीची बाई आणि वेंगुर्ल्याची बाई एकाच विहिरीवर भेटल्या तर अर्धा वेळ 'काय म्हणालात?' करण्यात जाईल.

त्यानंतर भाऊंनी मागितलं 'बोटीवरचा कायतरी'. मास्तरांनी विश्राम बेडेकरांची 'रणांगण' आणून दिली. १९३९ ची, बारीकशी, चार संध्याकाळीत संपली. ही मी पहिल्यांदाच वाचली, का राहिली होती कोण जाणे. युरोपातून येणारी बोट, हिटलरच्या तावडीतून सुटलेले ज्यू प्रवासी, आणि चक्रधर व हॅर्टा. पोराने मधेच विचारलं की हे लोक पूर्वेकडे कुठे निघालेत, तर मास्तरांनी शांघायचं सांगितलं. त्या काळात व्हिसावाचून शिरता येईल अशी जागा जगात जवळपास तीच उरली होती. प्रेमाच्या भागात भाऊ जाळ्यातून डोकं वर काढत नव्हते, पण बोट बंदराला लागते आणि काहींना उतरायचीच मुभा नाही, हे कळल्यावर म्हणाले, "किनारो दिसता आणि उतरूक गावना नाय. ह्येच्यापरास बुडलेला बरा." त्यानंतर कुणी काही बोललं नाही. पेज झाली होती, ती प्यालो आणि घरी गेलो.

तिसरी जयवंत दळवींची 'सारे प्रवासी घडीचे', १९६४. दळवी आरवलीचे, आणि काकींचं माहेर त्याच बाजूचं. त्यामुळे झालं असं की दर पानाला काकी "ह्यो आमच्या वाडीतलोच" म्हणत आणि मग त्या खऱ्या माणसाची गजाल सुरू. एका संध्याकाळी सात पानं झाली फक्त. मास्तर वैतागले. त्यांचं म्हणणं ही कादंबरीच नव्हे, माणसांच्या चित्रांची माळ आहे, कथानक कुठाय? पोरगा म्हणाला, गाव हेच कथानक. त्यावर अर्धा तास. मला विचाराल तर एकटीने वाचताना मी या पुस्तकाला फक्त हसले होते. या वेळी हसणारे पाच जण होते, आणि पाच जण एकदम हसायचे थांबले की जी शांतता होते, ती मला एकटीला कधी ऐकू आली नव्हती. एकेक माणूस उठून चाललेला असतो त्यात. काकी म्हणाल्या, "आता वाडीत कोण ऱ्हवलो?" ते पुस्तकाबद्दल होतं की त्यांच्या माहेराबद्दल, विचारलं नाही.

चौथी चिं. त्र्यं. खानोलकरांची 'कोंडुरा', १९६६. काकींना खानोलकरांबद्दल वेगळाच आदर, पण तो कवितेमुळे नव्हे. त्यांनी आईबरोबर कुडाळला खाणावळ चालवली होती म्हणून. "भात उकळता उकळता लिवणा म्हणजे काय खेळ नाय." कोंडुरा हे नाव आमच्याकडे समुद्रकाठाला खरोखरच आहे, वायंगणीच्या बाजूला. परशुरामतात्याला मिळालेलं वरदान, त्याबरोबरची ब्रह्मचर्याची अट, गर्भ पाडणारी मुळी. भर पावसात, बॅटरीच्या उजेडात, बाहेर समुद्र गरजतोय आणि आत हे. पोरगा त्या रात्री एकटा घरी जायला तयार नव्हता, भाऊ सोडून आले.

पुस्तकं ओली होण्याचं यंदा फारच होतं. वाचनालयातून आणलेल्या 'रणांगण'ला पाठीशी पांढरी बुरशी धरली होती. मी ती कारखान्यात गर सुकवायच्या ड्रायरच्या खोलीत दोन दिवस उभी करून ठेवली. बुरशी गेली. पुस्तकाला आता काजूचा वास येतो. ग्रंथपालबाईंनी हुंगून बघितलं आणि काही न बोलता ठेवून घेतलं.

तर चार. तुमचं जुलैचं काय?


कातळसडा
३ ऑगस्ट, रात्री ९:५८

रुमाल टाकतोय. सावकाश वाचून लिहितो.


घाटावरचा
३ ऑगस्ट, रात्री १०:२०

छान लिहिलंय, पण पुन्हा वाचलेली पुस्तकं मोजायची का हे एकदा या धाग्यांवर ठरायला हवं. माझी जुलैत पंधरा झाली. त्यातली चार ऑडिओ, दीडपट वेगाने. तुमचंही एक प्रकारे ऑडिओच की.


सुरंगी
३ ऑगस्ट, रात्री १०:३४

@घाटावरचा, आमच्याकडे वेग वाढवायचं बटण नाही. मी घाई केली तर काकी काठी आपटतात.


राजिवडा
४ ऑगस्ट, सकाळी ७:१५

नाव विचारलं नाही तो भाग वाचून चहा गार झाला. 'रथचक्र' मीही वाचलीय आणि मलाही 'ती'चं काही वाटलं नव्हतं. आज आईला विचारलं, तुला लग्नात दिलेलं नाव आणि माहेरचं नाव यातलं कुठलं आवडतं. म्हणाली, पंचावन्न वर्षांत पहिल्यांदा विचारलंस, आता भाजी निवड.

जाता जाता, वेंगुर्ल्याचं नगर वाचनालय १८७१ चं ना? आमचं रत्नागिरीचं १८२८ चं. फक्त माहितीसाठी. :)


मोतीतलाव
४ ऑगस्ट, सकाळी ८:०२

आले रत्नागिरीकर. सावंतवाडीचं श्रीराम वाचन मंदिर १८५२. आम्ही न विचारता सांगत नाही.


कातळसडा
४ ऑगस्ट, सकाळी ८:४०

आता सांगितलंत ते कुणी विचारलं होतं?


वाशिष्ठी
४ ऑगस्ट, दुपारी १:१०

वाचनालयांच्या वयाचा विषय निघालाच आहे तर चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ चं. पण मला लिहायचंय ते बुरशीबद्दल.

२२ जुलै २०२१ ला आमच्या घरात पाणी माळ्याच्या दोन हात खाली येऊन थांबलं. पुस्तकं तळमजल्यावर होती, साडेतीनशेच्या आसपास. लोक फ्रिज, गाद्या, कपाटं रस्त्यावर काढत होते, आणि मी चिखलातून 'तुंबाडचे खोत'चा पहिला खंड शोधत होते. दुसरा सापडला. पहिला नाही. भिजलेल्या पुस्तकाची पानं एकमेकांना चिकटून वीट होते. ती ओली असताना सोडवायला गेलं की फाटतात, पूर्ण वाळली की दगड. आम्ही पानांमध्ये वर्तमानपत्राचे कपटे घालून, पंख्याखाली, दर दोन तासांनी कपटे बदलत वाळवली. पण पंखा चालवायला वीज कुठे होती पहिले काही दिवस? पन्नासेक वाचली असतील.

त्याच दिवसांत आमचा वाचनगट झाला, ठरवून नाही. शेजारच्या चार बायका कपटे बदलायला यायच्या. बदलता बदलता जे पान उघडं असेल ते वाचायच्या. आगापिछा काही नाही, मधलंच एक पान. मग म्हणायच्या, पुढे काय होतं गं यात? मी सांगायचे, मला आठवेल तसं. बरंचसं चुकीचं सांगितलं, ते नंतर त्यांनी नव्या प्रती आणून वाचल्यावर कळलं. एकीने मला अजून माफ केलेलं नाही. तिला वाटलं होतं शेवट गोड आहे.

ड्रायरची कल्पना तेव्हा माहीत असती तर. आमच्याकडे काजूचे कारखाने कमी, पण कुणीतरी दिला असता.


सुरंगी
४ ऑगस्ट, संध्याकाळी ६:०५

@वाशिष्ठी, तुमचा प्रतिसाद आज पडवीत वाचून दाखवणार आहे, चालेल ना? 'तुंबाडचे खोत' मास्तरांच्या चिठ्ठीला ठरलंय. दोन्ही खंड मोठ्याने वाचायचे म्हणजे पुढची चतुर्थी उजाडेल.


वाशिष्ठी
४ ऑगस्ट, संध्याकाळी ६:३०

चालेल. पहिला खंड वाचलात की मला सांगा त्यात काय झालं. मी नवीन आणलाच नाही अजून. का, ते माहीत नाही.


अष्टागर
५ ऑगस्ट, सकाळी १०:२५

'रणांगण' ऐकताना काकींनी ज्यू म्हणजे कोण असं विचारलं नाही का? आमच्या अलिबागला हा प्रश्न पडत नाही. इथे इस्राएल आळी आहे, सिनेगॉग आहे. बेने इस्राएल मंडळी पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलत इथे राहिली, तेलाचे घाणे चालवायची आणि शनिवारी घाणा बंद ठेवायची, म्हणून गावात त्यांना शनवार तेली म्हणत. त्यातली बरीचशी नंतर इस्रायलला गेली. माझ्या आजोबांच्या वर्गात तीन मुलं होती.

एकाच समुद्राच्या एका किनाऱ्यावर हे लोक शतकानुशतकं सुखाने तेल गाळत होते, आणि १९३९ मध्ये त्याच समुद्रातून त्यांचेच भाऊबंद शांघायकडे चालले होते. कादंबरी कॉलेजात अभ्यासाला होती तेव्हा हे कुणी जोडून दाखवलं नाही. आम्हाला 'प्रेमभंगाचे चित्रण' यावर दहा गुणांचा प्रश्न होता.


सुरंगी
५ ऑगस्ट, रात्री ९:१५

@अष्टागर, विचारलं होतं. मास्तरांनी जर्मनीपासून सुरुवात केली आणि काकी पेंगल्या. शनवार तेली म्हटल्यावर आज लगेच जाग्या झाल्या. "मगे आदी तसा सांगाचा!" मास्तर जरा फुगलेत.


आठळी
६ ऑगस्ट, सकाळी ११:४०

सगळे गोड गोड लिहितायत म्हणून थोडं आंबट.

एक, मालवणी मोठ्याने वाचायची म्हणजे काय करता तुम्ही? टीव्हीवर आणि नाटकात मालवणी म्हणजे हेल काढून हसवायची भाषा झालीय. मी कुडाळची. मला पुण्यात लोक 'जरा मालवणी बोलून दाखव' म्हणतात, माकडाला उडी मारून दाखव म्हणावं तसं. वाचनातही तोच ठसका येत असेल तर पुस्तकाचं वाटोळं.

दोन, 'कोंडुरा'. खानोलकरांची भाषा, वातावरण, सगळं मान्य. पण बाईच्या शरीरावर पुरुषाच्या व्रताचं आणि पापाचं ओझं, हे सहन होत नाही मला. दर वेळी 'गूढ' म्हणून आपण त्याला सूट देतो. तुमच्या काकी काय म्हणाल्या, ते तुम्ही लिहिलंच नाही. बाकी तीन पुस्तकांवर त्यांची मतं आहेत, यावर फक्त खाणावळीचं. का?


चाकरमानी दादरचा
६ ऑगस्ट, दुपारी २:३०

आठळींना +१, दुसऱ्या मुद्द्याला. श्याम बेनेगलांचा सिनेमा आहे ना यावर, १९७८ चा, हिंदी आणि तेलुगू. स्मिता पाटील, अनंत नाग. सिनेमात बायकांचे चेहरे दिसतात, त्यामुळे ते ओझं जास्त कळतं असं मला वाटलं. पुस्तकात आपण तात्याच्या डोक्यात अडकून पडतो.

बाकी मी या धाग्यावर आल्यापासून ऑफिसात पेज शोधतोय. इथे मिळते ती मशरूमची.


सुरंगी
६ ऑगस्ट, रात्री ९:५०

@आठळी, पहिल्या मुद्द्याबद्दल : अगदी तेच झालं होतं. दळवींच्या पहिल्याच संवादाला मी हेल काढला. काकी म्हणाल्या, "अशी झोपाळ्यार बसल्यासारखी कोण बोलता गो?" मी जन्माची इथली, घरात मालवणीच बोलते, पण छापील मालवणी दिसल्याबरोबर तोंडातून नाटकातली निघाली. दोन संध्याकाळी लागल्या ती घालवायला. आता मी डाळ-तांदूळ मागावेत तशी वाचते.

दुसऱ्या मुद्द्याचं... काकी त्या पुस्तकाच्या वेळी फारसं बोलल्या नाहीत हे खरं. दमल्या असतील.


आठळी
६ ऑगस्ट, रात्री १०:०५

चौऱ्याहत्तर वर्षांची बाई, जिने तीस वर्षं खाणावळीत लोकांची तोंडं ऐकली, ती दमली असं मला वाटत नाही. पण तुमची काकी, तुम्हाला माहीत.


मोतीतलाव
७ ऑगस्ट, सकाळी ९:१०

तुमच्या त्या पोराने हे सगळं रेकॉर्ड केलं नाही का? फोनवर करून नेटवर टाका की. काकींच्या शेऱ्यांसकट. मी पहिला ऐकेन.


सुरंगी
७ ऑगस्ट, संध्याकाळी ७:००

त्याने केलंय, आणि टाकणारही होता. मास्तरांनी अडवलं. लेखक गेल्यानंतर साठ वर्षं प्रताधिकार राहतो. खानोलकर १९७६ साली गेले म्हणजे २०३६ संपेपर्यंत त्यांच्या पुस्तकाचं असं काही करायचं तर परवानगी हवी. पेंडसे तर २००७ मध्ये गेले. पोरगा म्हणाला, मग फक्त काकींचे शेरे टाकतो, त्यांचा प्रताधिकार त्यांच्याकडे आहे. काकींनी विचारलं पैसे किती मिळतील. तिथे बोलणी अडली आहेत.


घाटावरचा
८ ऑगस्ट, सकाळी ८:३०

मी माझ्या पंधरांमधलं एक पुस्तक काल बायकोला मोठ्याने वाचून दाखवायला घेतलं. चौथ्या पानावर तिने विचारलं की हा तोच का जो मागच्या पानावर मेला. मी म्हटलं, नाही बहुतेक. मागे जाऊन बघितलं. तोच होता.

आकडा चौदा करतो.


डोलकाठी
११ ऑगस्ट, रात्री ११:२०

नवीन आहे, बरीच वर्षं फक्त वाचते. भिशीची कल्पना आमच्या मालवणात सुरू करतोय, सहा जणी. पहिलीच चिठ्ठी ज्या बाईची निघाली तिने पाककृतींचं पुस्तक ठरवलं. नियमात कादंबरीच हवी असं लिहिलं नव्हतं. आता काय करायचं?


सुरंगी
१२ ऑगस्ट, सकाळी ७:४०

वाचा ते. आणि करून खा. आमच्याकडे पहिल्या वर्षी भाऊंनी बोटीच्या इंजिनाचं माहितीपुस्तक ठरवलं होतं, ते आम्ही चौघांनी पूर्ण वाचलंय. काकींचे प्रश्न तेव्हाही सगळ्यात चांगले होते.


कातळसडा
१२ ऑगस्ट, रात्री ९:००

माझा रुमाल अजून आहे. येतोच.


सुरंगी
१७ ऑगस्ट, रात्री १०:१५

धागा वर काढतेय. कबुलीजबाब आहे.

नारळी पौर्णिमा झाली, भाऊंची बोट गेली. आता ते येतात ते कधीतरी, अंगाला मासळीचा वास घेऊन, आणि बसल्या जागी झोपतात. काकींचा चष्मा आला. बुधवारी आला, आणि गुरुवारी संध्याकाळी मी गेले तर त्या पडवीत बसून 'कोंडुरा' वाचत होत्या. स्वतः, पहिल्यापासून. म्हटलं, हे तर झालंय ना आपलं? म्हणाल्या, "डोळ्यान कसा दिसता ता बघतंय."

काल शनिवार. सगळे होतो, भाऊसुद्धा, जागे. काकींनी पुस्तकात बसच्या तिकिटाची खूण घातली होती. ते उघडलं, माझ्यासमोर धरलं आणि विचारलं, "अगो, ह्या दीड पान माका आयकल्याचा आठावणा नाय."

मी गाळलं होतं. त्या रात्री वाचताना ते समोर आलं, खाली नजर गेली, आणि मास्तर आणि भाऊ समोर बसलेत, मी त्यांच्यासमोर हे वाचणार नाही, असं एका क्षणात ठरलं. श्वासही न घेता दीड पान ओलांडून पुढच्या परिच्छेदाला लागले. कुणाला कळलं नाही. वर इथे येऊन 'मोठ्याने वाचताना गाळता येत नाही' असं ठासून लिहिलं, आणि तुम्ही सगळ्यांनी कौतुक केलंत. @आठळी, तुम्ही 'का' विचारलंत तेव्हा कळलं होतं मला. काकी गप्प होत्या, कारण मधे काहीतरी जुळत नव्हतं आणि त्यांना वाटत होतं की आपल्यालाच आता वयामुळे समजेना झालंय. त्या काल तसं म्हणाल्या. ते ऐकून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी म्हटलं, चुकलं. आत्ता वाचते. म्हणाल्या, "तू नको. माझ्याकडे दी."

आणि नवा चष्मा नाकावर सारून काकींनी ते दीड पान, अडखळत, जोडाक्षरापाशी थांबत, पण एक शब्द न सोडता वाचलं. हेल नाही, काही नाही. मास्तरांनी स्वतःचा चष्मा काढून पुसायला घेतला आणि पूर्ण वेळ पुसत राहिले. भाऊंच्या हातात जाळं नव्हतं, ते मोबाईल उलटा धरून बघत होते. पोरगा मान खाली घालून. मी सरळ बघत होते, कारण दुसरीकडे बघायचा हक्क मला नव्हता.

वाचून झाल्यावर त्यांनी तिकिटाची खूण परत घातली आणि म्हणाल्या, "ह्या गाळल्यार त्या बायलेचा काय झाला ताच कळना नाय. आता माका काय वाटता ता सांगतंय," आणि मग पाऊण तास सांगितलं. आठळी, तुमचं आणि त्यांचं जमेल. फक्त त्या तुमच्यापेक्षा जास्त रागावलेल्या आहेत, आणि तात्यावर नाही, त्या घरातल्या म्हाताऱ्या बायकांवर.


आठळी
१७ ऑगस्ट, रात्री १०:४०

पुढच्या रविवारी कुडाळहून येऊ का?


सुरंगी
१७ ऑगस्ट, रात्री १०:४४

काकींना विचारलं. म्हणतात, घावणे किती खाता ता इचार.


घाटावरचा
१७ ऑगस्ट, रात्री ११:०२

कुठलं दीड पान? पान क्रमांक द्या.


सुरंगी
१७ ऑगस्ट, रात्री ११:०५

आवृत्त्या वेगवेगळ्या असतात. पहिल्यापासून वाचा.